रब्बी मका: विहिरीला पाणी फेब्रुवारीपर्यंतच, कोणता हायब्रीड घ्यावा आणि किती एकर लावावा?

भोकरदनचा_शेतकरी

नमस्कार मंडळी. सोयाबीन निघालं, ३ एकर रान मोकळं आहे. जमीन मध्यम काळी, दोन फुटांखाली मुरूम. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मका टोकायचा विचार आहे. विहीर आत्ता भरलेली आहे. मोटर ५ एचपीची. जानेवारीच्या मध्याला रोज ३ तास चालते, फेब्रुवारीच्या मध्याला पावणेदोन तासांवर येते, मार्चमध्ये भरवसा नाही. मिरचीचं जुनं ठिबक दीड एकरापुरतं पडून आहे. दुकानात एक म्हणतो ९० दिवसांचा घ्या, दुसरा म्हणतो ११० दिवसांचाच घ्या, उतारा त्यालाच. तिसरा 'दुष्काळ सहन करणारा' म्हणून वेगळंच पाकीट पुढे करतो. नेमकं काय बघून घ्यायचं? आणि तिन्ही एकर लावावा का?

पाणीमोजणी

वाण नंतर, आधी एकर ठरवू. पेरणीच्या दिवशी विहीर भरलेली दिसते म्हणून सगळं रान पेरलं जातं आणि तुरा (शेंड्यावरचा नर फुलोरा) पडायच्या वेळी पाणी तोकडं पडतं. मक्याचा हिशोब उलटा करायचा. तुरा आणि केस (कणसाच्या टोकाचे तंतू) बाहेर पडतील त्या पंधरवड्यात विहीर रोज किती लिटर देणार, त्यावर क्षेत्र बसवायचं.

त्यासाठी दोन गोष्टी सांगा. २०० लिटरचा ड्रम मोटरच्या तोंडाशी धरला तर किती सेकंदांत भरतो? आणि मिरचीच्या लॅटरलमधलं (ठिबकाच्या नळ्यांमधलं) अंतर, ड्रिपरचं (नळीवरच्या थेंब सोडणाऱ्या तोंडाचं) अंतर आणि ड्रिपर तासाला किती लिटरचा?

भोकरदनचा_शेतकरी

आज मोजलं. ड्रम ४० सेकंदांत भरला, तीनदा मोजून तेवढंच आलं. लॅटरल १६ मिमी, ४ फुटांवर. ड्रिपर ४ लिटरचे, ४० सेंमीवर.

पाणीमोजणी

छान, आता आकडे बोलतील. ४० सेकंदांत २०० लिटर म्हणजे तासाला १८,००० लिटर. जानेवारीत ३ तास म्हणजे रोज ५४,००० लिटर.

एका एकरावर १ मिमी पाणी म्हणजे ४,०४७ लिटर. आपल्याकडे जानेवारीत तुऱ्यातल्या मक्याला रोज साधारण ५ मिमी लागतं. पाटपाण्यात मुळाशी पोचतं १०० पैकी ६०, म्हणजे द्यायचे सव्वाआठ मिमी, एकरी जवळपास ३३,७०० लिटर. तुमच्या ५४,००० लिटरमध्ये १.६ एकर भिजतो. ठिबकात ९० टक्के धरा. साडेपाच मिमी, एकरी २२,५०० लिटर, म्हणजे २.४ एकर. ३ एकर कुठल्याच वाटेने बसत नाही.

फेब्रुवारीच्या मध्याला ३१,५०० लिटर उरतात. तेव्हा दाणा भरत आलेला असतो, गरज ४ मिमीवर उतरते. ठिबकावर पावणेदोन एकर, पाटपाण्यावर सव्वाच्याही आत. म्हणजे तुमचं दीड एकराचं ठिबक दोन्ही महिन्यांत बसतं.

आता ठिबक विहिरीशी जुळतं का ते बघू. ४ फुटी लॅटरल आणि ४० सेंमीवर ड्रिपर म्हणजे एकरी ८,४०० च्या आसपास ड्रिपर, तासाला ३३,७०० लिटर. तुमची मोटर देते १८,०००. एक एकर एकदम उघडला तर दाब पडेल, वरच्या टोकाचा मका हिरवा आणि खालच्या टोकाचा सुरळी झालेला दिसेल. म्हणून अर्ध्या अर्ध्या एकराचे तीन व्हॉल्व्ह करा. अर्ध्या एकराला तासाला १६,८५० लिटर लागतात, ते मोटरला पेलतं. या ठिबकातून तासाला ८.३ मिमी पडतं. साडेपाच मिमीला ४० मिनिटं, तीन व्हॉल्व्हचे २ तास. जानेवारीत तुमच्याकडे ३ तास आहेत. फेब्रुवारीत प्रत्येकी ३२ मिनिटं, एकूण दीड तासाच्या थोडं वर. तेही बसतं. ड्रिपर मिरचीच्या वेळचे असल्याने क्षारांनी बुजलेले असणार. पेरणीआधी लॅटरलची टोकं सोडून पाणी काढा आणि सुरुवात, मध्य, शेवट अशा तीन ठिकाणी ड्रिपरखाली भांडं ठेवून १५ मिनिटं मोजा. १ लिटर भरायला हवं.

उरलेल्या दीड एकरात हरभरा घ्या. त्याला पेरणीनंतर ३०-३५ दिवसांनी एक आणि ६०-६५ दिवसांनी एक अशी दोन पाणी तुषारवर पुरतात. दोन्ही मक्याचा तुरा पडायच्या आत उरकतात. दुसरं पाणी लांबू देऊ नका, नाहीतर नेमकं तुऱ्याशी भांडण होईल.

आणि सगळ्यात स्वस्त साठा म्हणजे जमीनच. तुमची दोन फूट मध्यम काळी जमीन पिकाला घेता येईल असं साधारण १०० मिमी पाणी धरते. विहीर भरलेली आहे तोवर ओलवणी (पेरणीआधीचं पाणी) पूर्ण खोलीपर्यंत द्या. अर्ध्या एकराला साडेसहा तास चालवलं की ५५ मिमी जातं. लोखंडी सळई दोन फूट सहज गेली पाहिजे. जिथे अडेल तिथवरच ओल आहे. वापसा (चिखल न होता ओल टिकलेली अवस्था) आला की टोकणी.

वाणपारखी

आता वाणाकडे. पाकिटावरचे दिवस बहुतेक खरिपाचे असतात, हे आधी डोक्यात ठेवा. खरिपात ९५ दिवसांत येणारा वाण रब्बीच्या थंडीत ११५-१२० दिवस घेतो. दुकानदाराला 'रब्बीत तुरा किती दिवसांत' हे विचारा. कापणीच्या दिवसांपेक्षा तो आकडा कामाचा आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात टोकलेला मध्यम वाण जानेवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तुऱ्यात येतो, म्हणजे तुमचे ३ तास चालू असताना. हाच मका नोव्हेंबरअखेरीस टोकला तर दाणे भरायची वेळ पाणी संपण्यावर येईल.

९० की ११०? दोघांत २० दिवसांचा फरक धरला, तर शेवटच्या टप्प्यात तो ७०-८० मिमीचा, म्हणजे एका मोठ्या पाण्याचा. लवकरचा वाण पाणी वाचवतो ते फक्त शेवटचं. तुऱ्यात दोघांनाही रोज सारखंच लागतं. म्हणून फार लवकरचा घेऊन ३ एकर लावला तरी फसगत तीच. दीड एकर ठिबकावर मध्यम कालावधीचा घ्या. ११० दिवसांचा मार्चमध्ये जाईल, तो तुमच्या विहिरीला नको. खरिपात १०० दिवसांच्या आत येणाऱ्या गटातूनच निवडा.

त्या गटात काय बघायचं:

तुरा आणि केस यांतलं अंतर. ताण पडला की तुरा वेळेवर येतो, पण कणसाचे केस मागे राहतात. एका झाडाचा तुरा आठवडाभराच्या आसपास परागकण टाकतो. केस ४-५ दिवस उशिरा आले की निम्मं परागीकरण हुकलं. ज्या वाणात ताणातही हे अंतर २-३ दिवसांवर राहतं, तोच कमी पाण्याचा वाण. पाकिटावर हे कधीच लिहिलेलं नसतं. खरिपात मुरमाड तुकड्यावर किंवा बांधाकडेला तो वाण लावलेल्या शेतकऱ्याला विचारा की कणसं शेंड्यापर्यंत भरली का. चांगल्या रानातली कणसं बघून काही कळत नाही.

कणसाची लवचिकता. काही वाणांचं कणीस झाडं विरळ ठेवली तर मोठं होतं, काहींचं ठरलेल्या आकाराचंच राहतं. तुम्हाला पहिल्या प्रकारचा हवा, कारण झाडं कमी ठेवायची आहेत.

आणि पान. कणसाचं आवरण वाळलेलं असताना पानं हिरवी राहणारा वाण शेवटच्या ताणात दाणा भरत राहतो. अशा झाडांचा चाराही चांगला.

'दुष्काळ सहन करणारा' या शब्दावर पैसे टाकू नका. भारतात जनुक बदललेल्या मक्याच्या लागवडीला परवानगी नाही. इथे जो मिळतो तो नेहमीच्या पैदाशीतून आलेला आहे. त्यात ताण सोसणारे वाण खरोखर आहेत, पण ते वर सांगितलेल्या खुणांनीच ओळखायचे. सरकारी संशोधनातले हायब्रीडही विचारा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा राजर्षी आहे, पण तो पूर्ण कालावधीचा, म्हणजे तुमच्याकडे पाणी जास्त असतं तर. हैदराबादचा डीएचएम ११७ मध्यम गटातला आहे. अल्मोड्याचा विवेक हायब्रीड ९ फार लवकर येतो, तो इथल्या दीड एकरासाठी गरजेपेक्षा लवकरचा.

मागच्या हायब्रीडचं घरचं बी अजिबात वापरू नका. पुढच्या पिढीत झाडं उंच-बुटकी निघतात, तुरा एका वेळी येत नाही आणि ताणात नेमका तोच घात होतो. पाकीट, बिल, लॉट नंबर आणि मूठभर बी कापणीपर्यंत जपून ठेवा.

सरी_वरंबा

वरच्या हिशोबाशी सहमत. ज्यांच्याकडे ठिबक नाही ते इथे वाचत असतील, त्यांच्यासाठी लिहितो. चारच पाणी मिळणार असतील तर २५-३० दिवसांनी रोप अवस्थेत, ४५-५० ला तुरा बाहेर पडताना, ६०-६५ ला फुलोऱ्यात आणि ७५-८० ला दाणे भरताना. हे दिवस शिफारशीतले आहेत. रब्बीत थंडीने ८-१० दिवस पुढे सरकतात, म्हणून दिवस न मोजता झाड बघा. पोंग्यात (शेंड्यातल्या पानांच्या गुंडाळीत) हात घातला आणि तुऱ्याची गाठ बोटाला लागली की दुसऱ्या पाण्याची वेळ आली. तीनच असतील तर रोप अवस्थेचं लांबवा, फुलोऱ्याचं कधीच नको.

पाणी एका आड एक सरीने दिलं तर एक तृतीयांशाच्या आसपास वाचतं. पुढच्या पाळीला उरलेल्या सऱ्या. पहिलं पाणी मात्र सगळ्या सऱ्यांना, आणि भेगा पडलेल्या काळ्या रानात आड सरीचा उपयोग नाही, पाणी भेगेतून पलीकडे निघून जातं. दोन ओळींत सोयाबीनचं भुसकट पसरा, एकरी दोन टन मिळालं तर उत्तम. बाष्पीभवन तर कमी होतंच, भेगाही कमी पडतात.

पान दुपारी सुरळी झालं म्हणून घाबरू नका, संध्याकाळी उघडलं तर ठीक. सकाळी ८ वाजता सुरळी असेल तर मुळाशी ओल संपली. तुऱ्याच्या काळात असं दिसेपर्यंत थांबलात तर दाणे गेलेच.

वाणपारखी

भुसकटाचं बरोबर. फक्त ते उगवण होऊन रोपं चार पानांची झाल्यावर टाका.

अंतराचं राहून गेलं. सगळीकडे ६० बाय २० सेंमी सांगतात. त्यात एकरी ३३,७०० झाडं बसतात आणि पाणी भरपूर असेल तर ते खरंही आहे. तुमच्या पाण्यात २७,००० पुरे. ताणात दाट मक्यात वांझ झाडं वाढतात. ती पाणी तेवढंच पितात आणि कणीस देत नाहीत. ४ फुटी लॅटरलवर जोडओळ करा. लॅटरलच्या दोन्ही अंगांना ओळ, दोन ओळींत ४५ सेंमी, पुढच्या जोडीपर्यंत ७५ सेंमी, झाडांत २५ सेंमी. हजार दाण्यांचं वजन २८०-३०० ग्रॅम असेल तर एकरी ८ किलोच्या आसपास बी लागतं. ४-५ सेंमी खोल टोका. १०-१२ दिवसांनी विरळणी करताना मागे पडलेलं रोप उपटा, कारण उशिरा उगवलेलं झाड शेजाऱ्याच्या सावलीत वांझच राहतं.

खतमात्रा

शिफारस हेक्टरी १२०:६०:४० किलो (नत्र:स्फुरद:पालाश), म्हणजे एकरी ४८:२४:१६. पोत्यांत सांगायचं तर डीएपी ५० किलो, पोटॅश २७ किलो टोकणीच्या वेळी, युरिया एकूण ८४ किलो पुढे. झिंक सल्फेट एकरी ८-१० किलो, पण डीएपीत मिसळून नको. स्फुरद आणि जस्त एकमेकांना बांधतात. शेणखतात मिसळून वेगळं द्या. आपल्या चुनखडीच्या रानात जस्ताची कमतरता रोप १५ दिवसांचं असतानाच कोवळ्या पानांच्या बुडाशी पांढऱ्या पट्ट्यांनी दिसते.

ठिबकातून युरिया सहा हप्त्यांत: १५, २३, ३१, ३९, ४७ आणि ५५ व्या दिवशी, एकरी १४ किलो, म्हणजे तुमच्या प्रत्येक व्हॉल्व्हला ७ किलो. ४० मिनिटांच्या पाळीत पहिली १० मिनिटं नुसतं पाणी, मधली २० खत, शेवटची १० पुन्हा पाणी. शेवटचं पाणी चुकवलं तर खत नळीत राहून ड्रिपरवर साचतं. सुरुवातीच्या आठवड्यांत पाळी छोटी असते, तिथेही हेच प्रमाण ठेवा. निमकोटेड युरिया विरघळल्यावर वर तवंग येतो, फडक्यातून गाळून घ्या.

विहीर अंदाजापेक्षा लवकर आटायला लागली तर शेवटचे दोन हप्ते निम्मे करा. पाणी नसलेल्या मक्याला नत्र वाढवून काही मिळत नाही. उलट ते खोडाच्या बुडात नायट्रेट म्हणून साठतं आणि चाऱ्यात उतरतं.

पोंगा_निरीक्षक

अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये आली तेव्हापासून मक्याचा कमी पाण्याचा हिशोब तिच्याशिवाय पूर्ण होत नाही. ताणात झाड हळू वाढतं, पोंगा जास्त दिवस कोवळा राहतो, अळीला खायला जास्त वेळ मिळतो. आठवड्यातून दोनदा पाच ठिकाणी २०-२० झाडं बघा. पानावर खरवडल्यासारखे पांढरे चट्टे म्हणजे अळी लहान आहे, तेव्हाच फवारणी लागू पडते. लाकडाच्या भुशासारखी विष्ठा पोंग्यात दिसली तर अळी मोठी झाली, औषध तिच्यापर्यंत पोचायलाच अडचण. १०० पैकी ५ झाडांवर चट्टे दिसले की ५ टक्के निंबोळी अर्क. १० च्या वर गेलं तर इमामेक्टिन बेंझोएट ५ एसजी ४ ग्रॅम प्रति १० लिटर, पुढची गरज पडल्यास क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल १८.५ एससी ४ मिलि प्रति १० लिटर. एकच औषध पाठोपाठ नको. संध्याकाळी, नोझल थेट पोंग्यावर धरून.

दुसरी गोष्ट खडखड्या. ज्वारीला जी बुरशी खडखड्या करते तीच मक्यालाही लागते आणि फुलोऱ्यानंतर ताण पडला की उसळते. बुडाकडचं खोड चिरलं तर आत तंतू मोकळे आणि त्यावर मोहरीहून बारीक काळे ठिपके दिसतात. यावर फवारणी चालत नाही. मागच्या रब्बीत ज्या तुकड्यात ज्वारी खडखड्याने लोळली होती, तिथे मका नको, आणि हरभराही नको, कारण त्यालाही हीच बुरशी कोरड्या मूळकुजीने लागते. फुलोऱ्यापासून पुढचे २० दिवस ओल तुटू न देणं हाच त्यावरचा उपाय.

भोकरदनचा_शेतकरी

सगळ्यांचे आभार. दीड एकर ठिबकावर मका, दीड एकर हरभरा हे पक्कं करतो. एकच शंका: तुरा पडला आणि नेमकी मोटर दोन तासांच्याही खाली आली, तर मुरघासाला (हवाबंद मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याला) द्यायचा की दाण्यासाठी थांबायचं हे कधी आणि कसं ठरवायचं?

पाणीमोजणी

आधी पाणी दोन व्हॉल्व्हवर आणा. तिन्ही अर्धे एकर अर्धपोटी ठेवण्यापेक्षा दोन पूर्ण भिजवा आणि तिसरा सोडा. सोडायचा तो सगळ्यात उथळ मुरमाचा.

मग केस बाहेर आल्यापासून आठवड्याने कणसाची तपासणी. शेताच्या मधल्या भागातून वेगवेगळ्या ओळींतली १० कणसं काढा. आवरण पात्याने बुडापासून शेंड्यापर्यंत उभं चिरा आणि केस न ओढता हळूच उलगडा. कणीस बुडाला धरून खाली तोंड करून दोन-चार झटके द्या. ज्या दाण्यात फलन झालं त्याचा केस आपोआप गळून पडतो. जिथे झालं नाही तिथला केस दाण्याला चिकटून लोंबत राहतो. आधी बुडाकडचे मोकळे होतात, शेंड्याचे सगळ्यात शेवटी. शेंड्याची बोटभर जागा चिकटलेली असेल तर काळजी नाही. निम्म्याहून जास्त केस चिकटलेले आणि बाहेरचं टोक सुकून तपकिरी झालेलं दिसलं, तर त्या तुकड्यात दाण्यासाठी पाणी घालू नका. तो मुरघासाचा. उरलेल्या व्हॉल्व्हना तेच पाणी द्या.

सरी_वरंबा

मुरघास करताना दोन गोष्टी. कणीस नसलेल्या मक्याची पानं वाळलेली दिसतात, पण खोडात पाणी भरपूर असतं. पानं बघून कापलं तर खड्ड्यातून रस वाहतो आणि मुरघास आंबट-कुजका होतो. २ सेंमी कुट्टी करून मुठीत मिनिटभर घट्ट दाबा. बोटांतून पाणी आलं तर अजून ४-५ दिवस थांबा. मूठ उघडल्यावर गोळा हळूहळू सुटत असेल तर भरायला योग्य.

आणि कापताना जमिनीपासून वीतभराहून थोडं जास्त, २५-३० सेंमी खोड सोडून कापा. खतमात्रा यांनी सांगितलेलं नायट्रेट तिथेच साठतं. ज्वारीसारखी किरळ (कोवळ्या ज्वारीतल्या विषाची बाधा) लागण्याची भीती मक्याला नसते, पण ताणातला मका हिरवाच उपाशी जनावरांपुढे टाकू नका. विशेषतः ताणानंतर पाऊस पडला किंवा पाणी दिलं तर पुढचे ४-५ दिवस कापूच नका. तेव्हा मुळं एकदम नत्र ओढतात. खड्डा किंवा बॅग किमान ४५ दिवस बंद ठेवली की नायट्रेट बरंच उतरतं, मग सुरुवातीला जनावरामागे ४-५ किलो कडब्यासोबत द्या आणि आठवडाभरात वाढवत न्या.